डायपर गळतो कुठून? मोठ्या माणसांसाठी डायपर निवडताना, घालताना आणि बदलताना

अण्णांसाठी पहिल्यांदा डायपर आणले तेव्हा मी ‘लार्ज’ मागितला. अण्णा धिप्पाड, हे डोक्यात पक्कं. पहिल्याच रात्री चादर, गादी, पांघरूण सगळं भिजलं. दुसऱ्या दिवशी ‘एक्स्ट्रा लार्ज’ आणला, तो त्याहून वाईट गळला. तिसऱ्या सकाळी वैतागून काढलेला डायपर उलगडून नीट पाहिला, तर मागचा अर्धा भाग कोरडा ठणठणीत. लघवी शोषली गेलीच नव्हती. मांडीजवळच्या फटीतून सरळ गादीवर गेली होती. आजारपणात अण्णा वाळले होते आणि मी जुन्या अण्णांचं माप घेऊन फिरत होतो.

पुढची चार वर्षं हा विषय रोज हाताखालून गेला. गळलं की सगळे आणखी मोठा नाहीतर आणखी जाड डायपर शोधतात, मीही तेच केलं. खरं तर आधी गळलं कुठून ते बघायचं असतं. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या एका सवयीतून आलेलं आहे.

डायपरच्या आधी डॉक्टर

लघवीवरचा ताबा जाणं हा वयाचा भाग आहे असं समजून थेट डायपर गाठू नका. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, झोपेच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, वाढलेली साखर, प्रोस्टेटची गाठ यातलं काहीही मागे असू शकतं आणि यातल्या कित्येक गोष्टींवर उपचार होतात. खोकताना-शिंकताना थेंब जाणं वेगळं, अचानक जोराची कळ येऊन संडासापर्यंत पोचताच न येणं वेगळं, आणि मूत्राशय कधीच पूर्ण रिकामं न होता सतत ठिबकत राहणं तर फारच वेगळं. पहिल्या प्रकारात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाने चांगला फरक पडतो. तिसऱ्या प्रकारात डायपर लावून स्वस्थ बसलात तर मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. चौथाही एक प्रकार आहे. मूत्राशय ठीक असतं, पण गुडघे उठू देत नाहीत किंवा पायजम्याची नाडी वेळेत सुटत नाही. तिथे डायपरआधी इलॅस्टिकचा पायजमा, पलंगाशेजारी भांडं आणि दर दोन-तीन तासांनी हाताला धरून संडासाला नेणं, एवढं करून बघावं.

ताबा अचानक गेला असेल आणि सोबत दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल किंवा पायातली शक्ती गेली असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याची ती खूण असू शकते. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, किंवा पोट फुगलंय आणि लघवी होतच नाहीये, अशा वेळीही थांबू नये.

तीन दिवसांची वही

खरेदीआधी तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता लघवी झाली, साधारण किती, थेंब होते की एकदम लोंढा, तेव्हा माणूस झोपलेला होता की बसलेला, संडासही झाली का. डॉक्टरांनाही हीच वही दाखवता येते. निरोगी मोठ्या माणसाच्या मूत्राशयात सुमारे ३०० ते ५०० मिलिलिटर मावतं आणि दिवसभरात साधारण ८०० ते २००० मिलिलिटर लघवी होते. याचा अर्थ, ज्याचं मूत्राशय एकाच वेळी रिकामं होतं त्याच्या डायपरवर काही सेकंदांत मोठा पेला ओतल्यासारखं होतं, आणि ज्याची लघवी ठिबकते त्याच्यावर दिवसभर चमचा-चमचा पडत राहतं. दिवसाची बेरीज सारखी आली तरी दोघांना लागणारी वस्तू एक नाही.

प्रमाण मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. कोरड्या डायपरचं वजन लिहून ठेवा, बदलताना भरलेल्याचं करा, वजाबाकी करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. काटा अर्थातच या कामापुरता वेगळा ठेवायचा. अण्णांचा रात्रीचा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा तो दिवसाच्या एका वेळच्या दुपटीहून जास्त आला. दिवसा चालणारा डायपर रात्री का हरतो, ते त्या एका वजाबाकीने कळलं.

आत काय असतं

एक डायपर कापून बघा, पैसे वाया जात नाहीत. कातडीला लागणारा वरचा थर पातळ, सच्छिद्र. त्याखाली लघवी झटकन पसरवणारा एक थर. मधोमध लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेले साखरेसारखे पांढरे दाणे. ते दाणे म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, पाणी शोषून त्याचं जेल होतं. साध्या शुद्ध पाण्यात हे दाणे आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतात, पण लघवीत क्षार असल्यामुळे ती क्षमता कितीतरी पटींनी खाली येते. पटत नसेल तर त्या जेलवर चिमूटभर मीठ टाका, बघता बघता पाणी सुटतं. सगळ्यांत बाहेर पाणी न जाऊ देणारी पातळ फिल्म असते, काही डायपरांत तिच्यावर कापडासारखा थर. मांड्यांच्या कडेने आतल्या बाजूला दोन उभ्या पट्ट्या असतात, त्यांना लीक गार्ड म्हणतात. त्यांचं महत्त्व पुढे येईल.

पाकिटावर ‘इतके मिलिलिटर’ छापलेलं असतं त्यावर फार जाऊ नका. आयएसओ ११९४८-१ नावाची १९९६ ची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तीत पॅड खारट पाण्यात पूर्ण बुडवतात, निथळू देतात आणि वजन करतात. माणूस काही पॅड असा बुडवत नाही. तो त्यावर बसतो, कुशीवर वळतो, आणि लघवी एकाच जागी पडते. त्यामुळे प्रत्यक्षात छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपास धरून चालावं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायला मात्र तो आकडा कामाचा आहे.

कोणता प्रकार कोणाला

थेंब-दोन थेंबांसाठी आतल्या चड्डीला चिकटणारे पॅड पुरतात. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला खोलगट असलेले वेगळे पॅड मिळतात. मासिक पाळीचे पॅड या कामाला वापरू नका. ते रक्तासाठी बनवलेले असतात, लघवीचा लोंढा त्यांना आवरत नाही आणि कातडी ओली राहते.

चालताफिरता माणूस, स्वतः संडासाला जाणारा, असेल तर चड्डीसारखा वर ओढायचा पँट-टाइप चांगला. मनालाही तो कमी टोचतो. त्याची अडचण अशी की बदलताना पायजमा, मोजे, बूट सगळं उतरवावं लागतं. काढायला मात्र सोपा, दोन्ही बाजूंच्या शिवणी टरकावल्या की निघतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला टेपवालाच. आडवं असताना बदलता येतो, घट्ट-सैल करता येतो, आणि त्याची शोषण्याची ताकदही सहसा जास्त असते. पँट-टाइप दिसायला सोपा म्हणून अंथरुणातल्या माणसाला घालणारे लोक मी पाहिलेत. दर वेळी दोन्ही पाय उचलून, कंबर उचलून, घामाघूम.

ज्याला संडास जमतं पण लघवी आवरत नाही अशा पुरुषाला बाहेरून लावायचा, लघवी नळीने पिशवीत नेणारा कंडोम कॅथेटर हाही पर्याय आहे. पण तो मापात बसवावा लागतो, रोज कातडी तपासावी लागते, आणि पहिल्यांदा नर्सकडून शिकूनच लावावा.

माप घेताना

शिंप्याची टेप घ्या. कंबर बेंबीच्या रेषेत मोजा. मग नितंबांचा सगळ्यांत रुंद भाग मोजा. दोन्हीतला मोठा आकडा हे तुमचं माप. वजनावरून किंवा कपड्यांच्या साइझवरून काढलेलं माप फसवतं. अंथरुणातल्या माणसाला एका कुशीवर वळवून टेप खाली सरकवायची, परत सरळ करून दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायची. दिवसभर चाकाच्या खुर्चीत असणाऱ्याचं माप बसलेल्या स्थितीतही घ्या, कारण बसल्यावर पोट आणि मांड्या पसरतात.

मांडीचा घेरही लिहून ठेवा. पाकिटावर तो क्वचित छापतात, पण गळती बहुतेक वेळा मांडीशीच होते. सुटलेलं पोट आणि काटकुळे पाय असलेल्या म्हाताऱ्या पुरुषाला कमरेच्या मापाचा डायपर घातला की पायांशी बोट आत जाईल एवढी फट राहते. अशा वेळी टेपवाला घेऊन खालच्या टेप मांडीशी नीट घट्ट आणि वरच्या पोटावर थोड्या सैल लावाव्यात.

कंपन्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचा मीडियम दुसऱ्याचा लार्ज असतो. दोन मापांच्या मध्ये आकडा पडला तर आधी लहान घालून बघा. आणि हे ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखं आहे: मोठा साइझ म्हणजे जास्त शोषण नव्हे. साइझ शरीरासाठी असतो, शोषण वेगळ्या खुणेने दाखवतात, बहुधा थेंबांच्या चित्रांनी किंवा ‘डे’, ‘नाइट’ अशा शब्दांनी.

घातल्यावर बघायचं ते असं. कमरेत दोन बोटं आरामात जावीत, मूठ जाऊ नये. टेप बेंबीपाशी एकमेकींवर चढत असतील तर डायपर मोठा. टेप जेमतेम कडेला टेकत असतील किंवा कुल्ल्यावर बाजूने उघडी कातडी दिसत असेल तर लहान. मांडीची कड जांघेच्या घडीत बसलेली हवी, घडीच्या बाहेर मांडीवर नको. तासाभराने काढून बघा. फिकट रेघा उमटलेल्या चालतील, लाल खोल वळ नकोत.

माप जुळेपर्यंत मोठा खोका घेऊ नका. छोटं पाकीट किंवा सुटे नमुने मिळाले तर ते घ्या आणि प्रत्येक नमुना किमान एक दिवस व एक रात्र वापरून वहीत लिहा. आमच्या माळ्यावर दोन मोठे खोके बराच काळ धूळ खात पडले होते, त्या ‘एक्स्ट्रा लार्ज’चे.

घालायचा कसा

पाकिटातून डायपर दाबून चपटा झालेला निघतो. तो तसाच लावला की लीक गार्ड आत झोपलेले राहतात. म्हणून आधी उलगडा, दोन्ही टोकं धरून हलकेच ताणा, मग लांबीत दुमडून पन्हाळीसारखा आकार द्या आणि बोटाने लीक गार्ड दोन्ही बाजूंनी उभे करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आमच्याकडे निम्मी गळती या एका गोष्टीने थांबली.

अंथरुणातल्या माणसासाठी पलंगाची एक कड भिंतीला किंवा कठड्याला लागलेली असावी. नवा डायपर, ओलं आणि कोरडं फडकं किंवा पुसणी, क्रीम, पिशवी, हातमोजे, सगळं आधी हाताशी घ्या. एकदा वळवलं की तुम्हाला जागचं हलता येत नाही. काय करतोय ते सांगा: “अण्णा, आता भिंतीकडे वळवतो.” तुमच्या बाजूचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यावर, एक कुल्ल्यावर, आणि ओंडका फिरवावा तसं सगळं अंग एकदम भिंतीकडे वळवायचं. हाताला धरून ओढायचं नाही, म्हाताऱ्या खांद्यांना ते सोसत नाही.

वापरलेल्या डायपरची वळकटी आतल्या बाजूला करत अंगाखाली सरकवा. पुसून कोरडं करा. नव्या डायपरची तुमच्या विरुद्ध बाजूची अर्धी बाजू अंगाखाली खोचा. टेप असलेली बाजू पाठीकडे, मधली रेघ मणक्याच्या रेषेत, वरची कड कमरेशी. मग सरळ करा, तुमच्याकडे थोडं वळवा, जुनी वळकटी ओढून काढा, नवा पसरा. पुढचा भाग दोन मांड्यांतून वर घेताना ओढून सपाट करू नका, पन्हाळ तशीच राहू द्या. पुरुषाचं लिंग खालच्या दिशेला हवं. वर किंवा बाजूला राहिलं तर लघवी थेट कमरेच्या कडेतून बाहेर येते. हे कुणी सांगत नाही, लाजेमुळे असेल.

आधी खालच्या दोन टेप, तिरक्या वरच्या दिशेला. मग वरच्या दोन, तिरक्या खालच्या दिशेला. शेवटी जांघेत दोन्ही बाजूंनी बोट फिरवून कड आत मुडपलेली नाही ना ते बघा.

उभं राहू शकणाऱ्या माणसाला भिंतीला किंवा बेसिनला धरून उभं करा, डायपर नेहमी पुढून मागे सरकवा आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित वर राहील असं बसवा. बायकांच्या बाबतीत पुसतानाही दिशा पुढून मागेच, नाहीतर संडासातले जंतू लघवीच्या मार्गात जातात.

गळलेला डायपर वाचायचा

गळलेला डायपर कचऱ्यात टाकण्याआधी उलगडून पाहा. मधला भाग फुगलेला आणि दोन्ही टोकं कोरडी असतील तर शोषण पुरेसं आहे, चूक बसवण्यात आहे: मांडीची फट, झोपलेले लीक गार्ड किंवा सैल टेप. सगळा डायपर टोकापासून टोकापर्यंत जड झाला असेल तरच शोषण कमी पडलंय किंवा बदलायला उशीर झालाय. पुढचा भाग भिजलेला, मागचा कोरडा आणि ओल पोटावर असेल तर पुरुषांच्या बाबतीत दिशेची चूक. ओल पाठीवर असेल तर माणूस उताणा झोपतो आणि डायपर मागून खाली बसलाय. एकाच कुशीला ओल असेल तर तो त्या कुशीवर झोपतो. तिथे त्या बाजूची खालची टेप पुन्हा लावावी आणि त्या बाजूचा लीक गार्ड दोनदा तपासावा.

आणखी एक प्रकार आहे जो पटकन कळत नाही. डायपर चांगला, माप बरोबर, तरी गळतो, कारण लघवीचा जोर मोठा आणि पॅड तेवढ्या वेगाने पिऊ शकत नाही. याला जाड डायपरापेक्षा लघवी पटकन आत घेणारा, पसरवणारा वरचा थर असलेला दुसरा ब्रँड लागतो. एक पेला कोमट पाणी एकदम ओतून, दहा सेकंदांनी वर कोरडा टिश्यू दाबून घरीच कळतं. टिश्यू जितका कमी भिजेल तितकं बरं.

एकावर एक दोन डायपर घालू नका. आतल्या डायपरची बाहेरची फिल्म पाणी जाऊ देत नाही, त्यामुळे तो भरला की लघवी बाजूने ओघळते आणि बाहेरचा नुसता उबवत बसतो. आतल्या डायपरला कात्रीने चिरे पाडणारेही असतात, मग जेल अंगभर. जास्तीचं शोषण हवं असेल तर बूस्टर पॅड मिळतात. त्यांना खाली फिल्म नसते, भरले की लघवी खालच्या डायपरमध्ये उतरते. विकत घेताना फिल्म नाही याची खात्री करा.

कधी बदलायचा

संडास झाली तर ताबडतोब. लघवीसाठी घड्याळापेक्षा डायपर बघा. बऱ्याच डायपरांवर बाहेरून एक रेघ असते, ओल लागली की तिचा रंग बदलतो, बहुधा पिवळ्याचा निळा किंवा हिरवा. पहिल्या थेंबाला रेघ थोडीशी बदलते, तेव्हा लगेच काढायची घाई नको. दोन-तृतीयांश रेघ बदलली किंवा मधला भाग हाताला जड, थुलथुलीत लागला की बदला. दिवसा सर्वसाधारणपणे चार ते सहा तासांत वेळ येते. पैसे वाचवायला भरलेला डायपर अंगावर ठेवण्यात बचत नाही, त्या पैशांची मलमं आणावी लागतात.

डायपर आहे म्हणून संडासाला नेणं बंद करू नका. ज्याला सांगता येतं, थोडं चालता येतं, त्याला दिवसातून दोन-तीनदा तरी न्याच. सवय एकदा गेली की परत आणणं कठीण जातं.

रात्र

रात्री शोषण जास्त असलेला वेगळा डायपर ठेवा आणि झोपायच्या अगदी आधी कोरडा घाला. झोपायच्या दोन तास आधीपासून पाणी कमी केलं तर चालतं, दिवसाचं एकूण पाणी मात्र कमी करू नका. लघवी होऊ नये म्हणून पाणी तोडणं ही अगदी सर्रास होणारी चूक. लघवी गडद होते, मूत्राशयाला टोचते, कळ वाढते, वर बद्धकोष्ठता होते आणि ती पुन्हा मूत्राशयावर दाब आणते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळलेली बरी. पायांना सूज असेल तर दुपारी तास-दीड तास पाय उंच ठेवून झोपवा. सुजेतलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीतून येतं, ते दुपारीच थोडं निघून जातं. लघवीची गोळी कोणत्या वेळी द्यायची ते डॉक्टरांना विचारा, स्वतःहून वेळ बदलू नका.

गादीवर अंडरपॅड, म्हणजे ओल शोषून गादी वाचवणारं अंथरण, एकच घाला. चार थर घातले की घड्या पडतात, आणि बेडसोरसाठीची (पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमांसाठीची) हवेची गादी असेल तर तिचा उपयोगच संपतो. गाढ झोपलेल्या माणसाला नुसतं तपासायला उठवू नका. गळत नसेल, कातडी चांगली असेल, तर झोप महत्त्वाची.

कातडी

या सगळ्या उठाठेवीत सगळ्यांत जास्त लक्ष द्यायची जागा ही. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. लघवीतला युरिया जंतूंमुळे फुटून अमोनिया तयार होतो आणि ते आम्ल निघून जातं. त्यात संडास मिसळली की तिच्यातली पाचक द्रव्यं अशा कातडीवर आणखी जोरात काम करतात. म्हणून नुसत्या लघवीपेक्षा लघवी आणि संडास एकत्र, त्यातही जुलाब, फार लवकर कातडी सोलतात.

साबण घासू नका, साबण तेच आम्ल घालवतो. कोमट पाणी किंवा सौम्य, कातडीच्या पीएचला जुळणारा क्लेन्झर, मऊ फडकं, घासण्याऐवजी टिपणं. घड्यांमध्ये ओल राहू देऊ नका. मग बॅरिअर क्रीम: झिंक ऑक्साइडचं, डायमेथिकोनचं किंवा पेट्रोलियम जेलीचं. पातळ थर. जाड लेप दिला की तो डायपरच्या वरच्या थराला लागून छिद्रं बुजवतो, लघवी आत जात नाही आणि आपण डायपरला दोष देतो. दर वेळी जुनं झिंकचं क्रीम खरवडून काढायचीही गरज नाही. वरचा मळलेला थर पुसा, खालचा पांढरा राहू द्या. टाल्कम पावडर नको, तिच्या ओल्या गुठळ्या होऊन घडीत घासतात.

दिवसातून एकदा उजेडात नीट बघा. सगळीकडे पसरलेली लाली, आग, ओलसरपणा म्हणजे लघवीने झालेली जळजळ, वर सांगितलेलं केलं की काही दिवसांत उतरते. लाल चट्टा आणि त्याच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके म्हणजे बहुधा बुरशी. तिला डॉक्टरांनी दिलेलं औषधच लागतं, झिंकने ती जात नाही. माकडहाड, कुल्ल्याचं हाड, टाच अशा हाडावरच्या जागी लाल डाग असेल तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा न पडता लालच राहिला तर ती बेडसोरची सुरुवात. तिथे क्रीम चोळू नका, मालीश तर नकोच. त्या जागेवरचा भार काढा, साधारण दर दोन तासांनी कूस बदला आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने स्पर्श करून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दुखरी लागते का ते बघायचं.

बाहेर जाताना

एक छोटी पिशवी कायम भरलेली ठेवा: दोन डायपर, पुसण्या, क्रीमची लहान डबी, वास बाहेर न येणाऱ्या दोन पिशव्या, एक जादा पायजमा किंवा परकर, एक अंडरपॅड. बाहेरच्या संडासात बदलायचं असेल तर चालत्या माणसालाही टेपवाला सोपा जातो, बूट काढावे लागत नाहीत. लांबच्या प्रवासात संडासाजवळची, मधल्या वाटेला लागून असलेली जागा मागून घ्या.

लोकांना काळजी असते ती वासाची आणि आवाजाची. ताज्या लघवीला फारसा वास नसतो, हवा आणि जंतू लागून वेळ गेला की येतो. वेळेवर बदललेला, नीट बसलेला डायपर वास देत नाही. एकाएकी उग्र वास येऊ लागला तर अत्तर शिंपडू नका, संसर्ग किंवा पाणी कमी पडणं तपासा. चुरचुर आवाज प्लॅस्टिकच्या बाहेरच्या थराचा असतो. कापडासारख्या थराचा घेतला किंवा वरून घट्टसर सुती चड्डी घातली की थांबतो. ती चड्डी डायपरला वर धरूनही ठेवते.

टाकायचं आणि धुवायचं

घट्ट संडास असेल तर ती आधी संडासात टाकून पाणी ओता. डायपर मात्र कमोडमध्ये कधीच नाही, तो फुगून नळ तुंबवतो. वळकटी करून त्याच्याच टेपने बांधा, कागदात किंवा पिशवीत गुंडाळा, खूण करून वेगळ्या कचऱ्यात द्या. उचलणाऱ्याचेही हातच असतात.

धुता येणाऱ्या चड्ड्या थोड्या गळतीसाठी उत्तम. आधी थंड पाण्यात खळबळा, मग धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, धाग्यावर थर बसून शोषण जातं. नवीन पाकिटंही कोरड्या जागी ठेवा, न्हाणीघरात नकोत, दाणे हवेतली ओल घेतात.

डायपर ओढून काढणारा माणूस

स्मृतिभ्रंश झालेला माणूस डायपर फाडतो, कुठेतरी लपवतो. आपण रागावतो. आधी बघा, तो ओला आहे का, खाज आहे का, टेप टोचते का, संडासाला जायचंय पण शब्द सापडत नाहीये का. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. पँट-टाइप त्याला स्वतःच्या चड्डीसारखा वाटतो, पांढऱ्याऐवजी रंगीत मिळाला तर आणखी बरं. संडासाचं दार उघडं ठेवा, आत दिवा चालू ठेवा.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. आमच्याकडे पाहुण्यांसमोर कुणीतरी “बाळाचा डायपर बदलायचाय” असं गमतीत म्हणालं. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत आणि पाणी पिणं बंद केलं. त्यानंतर आम्ही ‘कपडे बदलू या’ असंच म्हणायचो, दार लावायचो, आणि अंगावर टॉवेल टाकून जेवढा भाग लागेल तेवढाच उघडा करायचो. टेपचं एक टोक त्यांच्या हातात द्यायचो. शेवटच्या वर्षात बोटं थरथरायची, तरी वरची डावी टेप ते स्वतः लावायचे, थोडी वाकडी. ती आम्ही सरळ करत नव्हतो.

मदतीला येणारी माणसं बदलत राहिली, म्हणून कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. दिवसा मीडियम, रात्री मीडियम नाइट. उजव्या कुशीवर झोपतात, उजवी खालची टेप परत तपासा. क्रीम पातळ. माकडहाड रोज बघा. खाली शेवटचं माप घेतल्याची तारीख. दर दोन महिन्यांनी ती खोडून नवी लिहायचो, कारण अण्णा वाळतच चालले होते, आणि एकदा पाऊण इंच चरबी चढली तेव्हा त्या कागदावर कुणीतरी शेजारी हसरा चेहरा काढला होता.